अँटीबॉडीला प्रोटीन दिसतं, क्लस्टर नाही: आयर्न-सल्फर असेंब्लीवर वेस्टर्न ब्लॉट लावणाऱ्यांसाठी

हे लिहितेय ते मुख्य करून नागपूर-विदर्भातल्या एमएस्सी, पीएचडीच्या पोरापोरींसाठी. विषय आहे आयर्न-सल्फर क्लस्टर, म्हणजे लोखंड-गंधकाचा छोटा तुकडा जो काही प्रोटीनांना कामासाठी लागतो, अन् तो बनवणाऱ्या प्रोटीनांचा (फ्रॅटॅक्सिन, आयएससीयू वगैरे) वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे जेलवर साईजने वेगळी केलेली प्रोटीनं मेम्ब्रेनवर उतरवून अँटीबॉडीने शोधणं. गाईडने सांगितलेलं असतं की "फ्रॅटॅक्सिनचा ब्लॉट कर, आयएससीयूचा कर" अन् हातात एक महागडी अँटीबॉडी दिलेली असते, पण तो बँड नेमकं काय सांगून राहिला हे कोणी बसून समजावत नाही. युनिव्हर्सिटीच्या अमरावती रोड कॅम्पसवर असा, मेडिकल-मेयोत असा की मिहानच्या एम्समध्ये, काम सगळीकडे सारखंच आहे, अन् आपल्या हवेच्या काही भानगडी आहेत त्या बाहेरच्या प्रोटोकॉलमध्ये लिहिलेल्या नसतात, त्याही इथे सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. वेस्टर्न ब्लॉटमध्ये तुम्ही सॅम्पल एसडीएस (प्रोटीनची घडी उलगडणारा डिटर्जंट) टाकून उकळता, तेव्हा लोखंड अन् गंधकाचा तो क्लस्टर केव्हाच निघून गेलेला असतो. अँटीबॉडी फक्त प्रोटीनची साखळी ओळखते. बाईक उभी दिसते, टाकीत पेट्रोल आहे की नाही ते दिसत नाही, तसं. म्हणून अकोनिटेज या क्लस्टर लागणाऱ्या एन्झाइमबद्दल "अकोनिटेजचा बँड नॉर्मल आला, म्हणजे क्लस्टर नॉर्मल" असं थिसिसमध्ये लिहाल तर परीक्षक तिथेच पकडतील, अन् बरोबरच पकडतील.

आधी मशीन समजून घ्या

थोडक्यात सांगते. मायटोकॉन्ड्रियात एनएफएस१ नावाचं एन्झाइम सिस्टीनमधून गंधक काढतं. ते एकटं उभं राहू शकत नाही, त्याला आयएसडी११ अन् एसीपी हे दोन छोटे साथीदार लागतात. गंधक जातं आयएससीयूवर, क्लस्टर रचला जातो तो याच्यावरच. फ्रॅटॅक्सिन या कामाला वेग देतं, अन् इलेक्ट्रॉन येतात एफडीएक्स२ कडून. २ लोखंड-२ गंधकवाला क्लस्टर तयार झाला की एचएससीबी अन् एचएसपीए९ हे शॅपेरॉन (प्रोटीनांना हाताळणारे मदतनीस) तो जीएलआरएक्स५ कडे सोपवतात. पुढे आयएससीए१, आयएससीए२ अन् आयबीए५७ मिळून ४-४ वाला (४ लोखंड-४ गंधक) क्लस्टर करतात, अन् एनएफयू१, बीओएलए३ हे तो ठराविक गिऱ्हाईक प्रोटीनांपर्यंत, म्हणजे ज्यांना क्लस्टर लागतो त्यांच्यापर्यंत, पोचवतात. सायटोसोल अन् न्यूक्लियसची सोय वेगळी आहे, तिला सीआयए (सायटोसोलिक आयर्न-सल्फर असेंब्ली) म्हणतात, त्यात सीआयएओ१, एमएमएस१९ वगैरे मंडळी येतात, पण तीही मायटोकॉन्ड्रियातून एबीसीबी७ या वाहक प्रोटीनमार्गे येणाऱ्या मालावर अवलंबून असते.

फ्रॅटॅक्सिन कमी पडलं की फ्रीड्राइख अटॅक्सिया हा तोल बिघडवणारा आनुवंशिक आजार होतो. त्याचं जीन १९९६ मध्ये सापडलं अन् बहुतेक पेशंटमध्ये पहिल्या इंट्रॉनमधल्या जीएए रिपीटची लांबी वाढलेली असते. बहुतेक लोक या विषयात याच दारातून येतात.

पायरी पहिली: पॅनल ठरवा, एकटी अँटीबॉडी मागवू नका

बजेट कमी असतं हे मान्य. इम्पोर्टेड अँटीबॉडीची १०० मायक्रोलिटरची एक व्हायल सहज तीसेक हजारांच्या घरात जाते अन् यायला कित्येकदा दीड-दोन महिने लागतात. म्हणूनच सांगते की बनवणाऱ्या यंत्रणेतल्या चार अँटीबॉडी घेण्यापेक्षा यंत्रणेतली एक-दोन घ्या अन् बाकीचे पैसे गिऱ्हाईक प्रोटीनांवर घाला. काऊन, तर काही गिऱ्हाईक प्रोटीनं अशी आहेत की क्लस्टर मिळाला नाही तर ती टिकतच नाहीत, तुटून जातात, अन् मग साध्या ब्लॉटवरही त्यांचा बँड फिका पडतो. क्लस्टरची बातमी अँटीबॉडीकडून काढायचा हाच सगळ्यात स्वस्त रस्ता आहे.

यात पहिला नंबर एसडीएचबीचा (सक्सिनेट डिहायड्रोजिनेज या एन्झाइमचा एक भाग), साधारण ३० केडीए (किलोडाल्टन, प्रोटीनच्या वजनाचं माप). मग हीम बनवणारं फेरोकेलाटेज, ४२ च्या आसपास. सायटोसोल-न्यूक्लियस बाजूने डीएनए पॉलिमरेजचा भाग पीओएलडी१, १२५ केडीए, किंवा डीपीवायडी हे एन्झाइम. याच्या उलट मायटोकॉन्ड्रियल अकोनिटेज म्हणजे एसीओ२, क्लस्टर गेला तरी प्रोटीन बऱ्याचदा जसंच्या तसं दिसतं, फक्त काम बंद पडतं. म्हणून एसीओ२ चा ब्लॉट अन् एसीओ२ ची ॲक्टिव्हिटी या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत अन् दोन्ही लागतात.

आणखी एक अँटीबॉडी जी मी प्रत्येकाला आग्रहाने घ्यायला लावते ती म्हणजे लिपोइक ॲसिडविरुद्धची. लिपोइक ॲसिड सिंथेज या एन्झाइमला स्वतःचे दोन ४-४ क्लस्टर लागतात, त्यातला एक तर प्रत्येक फेरीला गंधक देता देता खर्ची पडतो, म्हणजे क्लस्टरचा पुरवठा जरा आटला की लिपोइलेशन (प्रोटीनवर लिपोइक ॲसिड बसणं) घसरतं. ब्लॉटवर दोन ठळक बँड येतात, ७० च्या आसपास पीडीएचचा (पायरुवेट डिहायड्रोजिनेज) ई२ हा भाग अन् ५० च्या आसपास केजीडीएचचा (अल्फा-किटोग्लुटारेट डिहायड्रोजिनेज) ई२. एकाच अँटीबॉडीत दोन एन्झाइमची खबर मिळते. फक्त सोबत पीडीएच ई२ च्या मूळ प्रोटीनचाही ब्लॉट लावा, नाही तर लिपोइक कमी झालं की प्रोटीनच कमी झालं हे कळणार नाही.

पायरी दुसरी: डेटाशीट वाचा, पण नीट वाचा

ही बहुतेक प्रोटीनं न्यूक्लियसच्या जीनमधून बनतात अन् मायटोकॉन्ड्रियात शिरताना त्यांचा पुढचा तुकडा कापला जातो. फ्रॅटॅक्सिन हे सगळ्यात चांगलं उदाहरण. पूर्ण साखळी २१० अमिनो ॲसिडची, वजन साधारण २३ केडीए. पहिल्या कापणीनंतर ४२ ते २१० हा तुकडा, साधारण १९ केडीए. दुसऱ्या कापणीनंतर ८१ ते २१०, साधारण १४ केडीए, अन् हेच खरं काम करणारं मॅच्युअर रूप. आता तुमची अँटीबॉडी ज्या पेप्टाइडवर बनवली ते जर पहिल्या ८० अमिनो ॲसिडमधलं असेल तर ती मॅच्युअर रूप कधीच पकडणार नाही, महिनाभर ब्लॉट लावले तरी. त्यामुळे "इम्युनोजेन" ही ओळ आधी वाचायची अन् तो भाग मॅच्युअर प्रोटीनमध्ये उरतो का ते डेटाबेसमधल्या सिक्वेन्सशी ताडून बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

अन् हो, तिन्ही बँड दिसले म्हणून अँटीबॉडी खराब असं नाही. मॅच्युअर बँड घटला अन् मधला वाढला, तर ती कापणीत अडचण असल्याची खूण असू शकते. बँडची जागा वहीत केडीएसकट लिहून ठेवा.

आयएससीयूची मॅच्युअर साईज १४-१५, आयएसडी११ ची ११ च्या आसपास, जीएलआरएक्स५ ची त्यांच्या जवळपासच. म्हणजे यंत्रणेतली अर्धी मंडळी जेलच्या अगदी तळाशी धावतात. एनएफएस१ मात्र ४५ ते ५० मध्ये.

अँटीबॉडी खरी आहे की नाही हे कसं ठरवायचं? कंपनीने डेटाशीटवर एक सुंदर बँड दाखवला म्हणजे पुरावा नाही. २०१६ मध्ये अँटीबॉडी व्हॅलिडेशनच्या आंतरराष्ट्रीय गटाने पाच प्रकारचे पुरावे सुचवले: जीन बंद करून बघणं, अँटीबॉडीशिवायच्या दुसऱ्या पद्धतीशी ताडणं, त्याच प्रोटीनच्या वेगळ्या भागावरची दुसरी अँटीबॉडी लावणं, टॅग लावलेलं प्रोटीन बनवून बघणं, अन् अँटीबॉडीने पकडलेलं मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखणं. आपल्याकडच्या लॅबला पहिला अन् तिसरा सगळ्यात परवडतो. ब्लॉकिंग पेप्टाइड लावून बँड गेला, एवढ्यावर समाधान मानू नका. चुकीचं प्रोटीनही त्याच पॅराटोपने (अँटीबॉडीच्या पकडायच्या जागेने) धरलेलं असेल तर तोही बँड पेप्टाइडने जातोच.

इथे एक अडचण आहे. यातली बरीच जीन पेशीला जगायला लागतातच, त्यामुळे पूर्ण नॉकआउट मिळत नाही, पेशी मरतात. मग सायआरएनए (जीनचा मेसेज तोडणारा छोटा आरएनए) लावून नॉकडाऊन करायचं, म्हणजे प्रोटीन फक्त कमी करायचं, पण ही प्रोटीनं अन् त्यांनी दिलेले क्लस्टर दोन्ही टिकाऊ असतात, २४ तासांत काही दिसत नाही. तीन-तीन दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा सायआरएनए द्यावा लागतो, तेव्हा गिऱ्हाईक प्रोटीनांवर परिणाम दिसायला लागतो. पहिल्या ट्रान्सफेक्शननंतर एसडीएचबी बदललं नाही म्हणून प्रयोग सोडून देणारे मी पाहिलेत. थांबा जरा.

पायरी तिसरी: व्हायल आली, आता तिला जपा

नागपूरचा मे महिना कसा असतो ते सांगायला नको, ४५ डिग्री म्हणजे नेहमीचंच. अँटीबॉडी बहुतेक जेल पॅकवर येतात अन् कुरिअरची गाडी दुपारी कुठे उभी होती ते आपल्याला कळत नाही. म्हणून शक्य असेल तर ऑर्डर अशी टाका की माल फेब्रुवारीपर्यंत तरी यावा, नाही तर मग पाऊस सुरू झाल्यावर. शनिवारी पोचेल अशी डिलिव्हरी घेऊच नका, पार्सल सोमवारपर्यंत गेटवर पडून राहतं. उन्हाळ्यातच मागवावी लागली तर पोचल्या दिवशी पॅक थंड होते का ते लिहून ठेवा, फोटो काढा, अन् त्याच आठवड्यात एका चांगल्या कंट्रोल सॅम्पलवर टेस्ट ब्लॉट लावा म्हणजे तक्रार करायची तर वेळेत करता येते.

व्हायल आधी थोडी स्पिन करा, मग ५-१० मायक्रोलिटरचे अलिकॉट (छोटे वाटे). ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर उणे २० ला ती गोठत नाही, तशीच ठेवता येते. ग्लिसरॉल नसेल तर अलिकॉट करणं भागच आहे, वारंवार गोठणं-वितळणं अँटीबॉडीला मारतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर नको, तो स्वतःच अधूनमधून गरम होतो. लाईट जाते त्यासाठी फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा अन् अँटीबॉडीचा डबा त्यांच्या मधोमध, तासा-दोन तासाचं लोडशेडिंग त्यात निभून जातं.

पायरी चौथी: सॅम्पल, अन् विदर्भाची एक खास गोष्ट

सेल लाईनवर काम असेल तर सोपं आहे. धुवा, बर्फावर स्क्रॅप करा, रिपा (पेशी फोडणारा) बफर अन् प्रोटिएज इनहिबिटर टाका, १५-२० मिनिटं बर्फावर ठेवा, फिरवा, प्रोटीन मोजा. प्रोटीन बीसीए पद्धतीने मोजत असाल तर डीटीटी (रिड्यूसिंग एजंट) त्याच्यानंतर टाका, आधी टाकलं तर रीडिंग चुकतं. फक्त ब्लॉट करायचा असेल तर बफरमध्ये ईडीटीए (धातू पकडणारं रसायन) असलं तरी चालतं. पण त्याच लायसेटवर ॲक्टिव्हिटी मोजायची असेल, किंवा कॉम्प्लेक्स जसाच्या तसा काढायचा असेल, तर ईडीटीए नसलेला इनहिबिटर घ्या अन् रिपाऐवजी डिजिटोनिनसारखा सौम्य डिटर्जंट. अकोनिटेजसाठी बफरमध्ये १-२ मिलिमोलर सायट्रेट टाका, क्लस्टर जरा सांभाळला जातो. ४-४ क्लस्टरला हवेतला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून लायसेट काढल्यावर चहाला जायचं नाही, आधी ॲक्टिव्हिटी मोजायची, उरलेलं लगेच गोठवायचं.

रक्तावर काम असेल तर मात्र इथे थांबून विचार करा. विदर्भात सिकलसेल भरपूर आहे, ट्रेट (सिकलच्या जीनची एकच प्रत) असलेले तर कित्येकांना स्वतःलाच माहीत नसतात. तुम्ही कॉलेजातल्या धडधाकट पोरांचं रक्त "नॉर्मल कंट्रोल" म्हणून घेता, पण त्यांची सॉल्युबिलिटी टेस्ट अन् गरज पडली तर एचपीएलसी झालेली असली पाहिजे, एथिक्स कमिटीची परवानगी अन् संमतीपत्र तर हवंच. काऊन एवढा आग्रह? पिकलेल्या लाल पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात, पण रेटिक्युलोसाइटमध्ये म्हणजे तरुण लाल पेशींत असतात, अन् सिकलसेलच्या पेशंटच्या रक्तात रेटिक्युलोसाइट खूप वाढलेले असतात. मग मायटोकॉन्ड्रियाची प्रोटीनं जास्त दिसली की तुम्हाला वाटतं आयएससी (आयर्न-सल्फर क्लस्टर) यंत्रणा वाढली, खरं तर फक्त तरुण पेशी जास्त आहेत. शिवाय लाल पेशीत फ्रॅटॅक्सिनचं एक वेगळं, मायटोकॉन्ड्रियात न जाणारं रूप असतं, ज्याला आयसोफॉर्म ई म्हणतात. मॅच्युअर भागावरची अँटीबॉडी तेही पकडते. त्यामुळे पूर्ण रक्ताचा फ्रॅटॅक्सिनचा आकडा म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज असते.

याच कारणाने मी पीबीएमसी (रक्तातल्या एका केंद्रकाच्या पांढऱ्या पेशी) काढायला सांगते, १.०७७ डेन्सिटीच्या ग्रेडियंटवर. पण हे एसी खोलीतच करा, १८ ते २० डिग्रीला. ३८ डिग्रीच्या लॅबमध्ये ग्रेडियंटची डेन्सिटीच बदलते अन् लेअर गचाळ येतो. सिकलच्या सॅम्पलमध्ये लाल पेशी अन् रेटिक्युलोसाइट या लेअरमध्ये घुसतातच, म्हणून लाल पेशी फोडणाऱ्या लायसिस बफरने एकदा धुवून काढा. एवढी काळजी कशासाठी तर हिमोग्लोबिनची एक साखळी १६ केडीएच्या आसपास धावते, म्हणजे बरोब्बर आयएससीयू अन् फ्रॅटॅक्सिनच्या शेजारी. हिमोग्लोबिन जास्त असलं की त्या भागात लेन फुगते, शेजारचे बँड वाकडे होतात, अन् हीमला स्वतःची पेरॉक्सिडेजसारखी सवय असल्यामुळे ईसीएलमध्ये (बँड उजळवणाऱ्या रसायनात) अँटीबॉडीशिवायही तिथे उजेड पडू शकतो. खात्री करायची तर मेम्ब्रेनची एक पट्टी अँटीबॉडी न लावता नुसत्या ईसीएलमध्ये बघा. तिथे १६ वर काही चमकलं तर तुमचा "फ्रॅटॅक्सिन" संशयास्पद आहे.

कंट्रोल अन् पेशंट दोघांचंही फेरिटिन (लोखंड साठवणारं प्रोटीन) अन् हिमोग्लोबिन नोंदवा. आपल्याकडे आयर्न कमी असलेली माणसं इतकी आहेत की त्याशिवाय तुलना करणं चुकीचं होईल.

पायरी पाचवी: जेल अन् ट्रान्सफर, बहुतेक ब्लॉट इथेच फसतात

छोट्या प्रोटीनांसाठी १५ टक्के जेल, किंवा ४-२० चा ग्रेडियंट, किंवा सगळ्यात छान म्हणजे ट्रिस-ट्रायसिन. १० टक्केच्या जेलवर आयएसडी११ डाय फ्रंटसोबत निघून जातं. ताजं एपीएस (जेल जमवणारं रसायन) वापरा. उन्हाळ्यात जेल ओतता ओतता जमतं अन् थंडीत तासभर लागतो, त्यामुळे जेल जमण्याचा वेग वाढवणाऱ्या टेमेडचं प्रमाण मोसमाप्रमाणे थोडं कमी-जास्त करावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी १० टक्के एसडीएसची बाटली बघा, पांढरं साचलेलं असतं. तशीच वापरू नका, कोमट पाण्यात ठेवून पूर्ण विरघळू द्या, नाही तर बफरमध्ये एसडीएस कमी जातं.

मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉन पीव्हीडीएफ. ०.४५ मधून १४ केडीएची प्रोटीनं आरपार जातात. मिथेनॉलमध्ये भिजवायला विसरू नका, ट्रान्सफर बफरमध्ये २० टक्के मिथेनॉल. वेट ट्रान्सफर, १०० व्होल्ट, तासभर, टँक बर्फात बुडवून, उन्हाळ्यात मध्येच बर्फ बदला. रात्रभर ट्रान्सफरची सवय असेल तर छोट्या प्रोटीनांसाठी ती सोडा. पहिल्या वेळी मागे दुसरा मेम्ब्रेन लावून ठेवा, त्यावर बँड आला तर कळेल की प्रोटीन पार निघून चाललंय. मग पोन्सो एस (मेम्ब्रेनवरची सगळी प्रोटीनं रंगवणारा डाय) लावा अन् फोटो ठेवा. हा फोटो नंतर फार कामी येतो, कारण टोटल प्रोटीनवर नॉर्मलाइज करणं या विषयात लोडिंग कंट्रोलपेक्षा कित्येकदा बरं पडतं.

लोडिंग कंट्रोलचं, म्हणजे प्रत्येक लेनमध्ये सारखं प्रोटीन पडलं का ते दाखवणाऱ्या प्रोटीनचं सांगते, इथे खूप गोंधळ होतो. कंट्रोलची साईज टार्गेटला चिकटली नाही पाहिजे. टॉम२० हा १६ केडीए, म्हणजे आयएससीयू-फ्रॅटॅक्सिनला अगदी खेटून, त्यांच्यासोबत घेऊ नका. व्हीडॅक ३१-३२, एसडीएचबी ३०, दोन्ही एकमेकांवर बसतात. जीएपीडीएच ३७ अन् सीआयएओ१ ३८. ट्यूब्युलिन ५०, एनएफएस१ तिथेच. फ्रॅटॅक्सिन अन् एनएफएस१ दोघांसाठी मला एचएसपी६० बरा वाटतो, पण मायटोकॉन्ड्रियात ताण आला की तोही वाढू शकतो, म्हणून पोन्सो हवाच. मेम्ब्रेन आडवा कापून वरचा भाग एका अँटीबॉडीत, खालचा दुसऱ्या अँटीबॉडीत, असं करा, स्ट्रिपिंग करून करून छोटे बँड उडून जातात.

पायरी सहावी: "रूम टेम्परेचर" म्हणजे काय

प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं रूम टेम्परेचर म्हणजे २० ते २५ डिग्री. आपल्या बिनएसीच्या लॅबमध्ये एप्रिल-मेमध्ये ते ३८ असतं. त्या तापमानाला ब्लॉकिंगचं दूध आंबतं अन् बॅकग्राउंड काळं येतं, अन् सगळे अँटीबॉडीला दोष देतात. ब्लॉकिंग चार डिग्रीला करा, प्रायमरी रात्रभर चार डिग्रीला, सेकंडरी एसी खोलीत एक तास. ब्लॉकिंगसाठी ५ टक्के स्किम मिल्क पावडर अन् ३ ते ५ टक्के बीएसए दोन्ही आधी एका कंट्रोल पट्टीवर तपासा. डायल्युशन डेटाशीटवरचं आंधळेपणाने घेऊ नका, एका ब्लॉटच्या चार पट्ट्या कापून १:५००, १:१०००, १:२०००, १:५००० लावून बघा. सेकंडरी एकटीची पट्टी प्रत्येक नव्या सॅम्पल प्रकाराला एकदा तरी.

एक्स्पोजर वाढवत वाढवत बँड पूर्ण काळा करून मग त्याची डेन्सिटी मोजणारे खूप आहेत. सॅच्युरेट झालेला बँड मोजता येत नाही. कंट्रोल सॅम्पलचे ५, १०, २०, ४० मायक्रोग्रॅम लोड करून सिग्नल सरळ रेषेत वाढतो तो टप्पा शोधा अन् त्यातच राहा.

पायरी सातवी: आयर्न काढून बघा

हा प्रयोग प्रत्येक नव्या पॅनलसोबत करा, स्वस्त आहे. पेशींना १०० मायक्रोमोलर डेफेरॉक्सामाइन (लोखंड बांधून घेणारं) २४ तास, दुसऱ्या प्लेटला फेरिक अमोनियम सायट्रेट (लोखंड देणारं), तिसरी तशीच. डेफेरॉक्सामाइनमध्ये ट्रान्सफेरिन रिसेप्टर (लोखंड पेशीत घेणारा) वाढला पाहिजे अन् फेरिटिन घटलं पाहिजे, सायट्रेटमध्ये उलट. हे दोन्ही जागेवर आले नाहीत तर तुमचं ट्रीटमेंटच झालेलं नाही, बाकीचे ब्लॉट वाचण्यात अर्थ नाही. लक्षात असू द्या, आयर्न ओढून घेतलं की हिफ१ अल्फा हा ऑक्सिजन कमी असल्याची खबर देणारा प्रोटीनही वाढतो, म्हणजे दिसणारा प्रत्येक बदल क्लस्टरमुळेच असेल असं नाही. म्हणून याच्यासोबत एनएफएस१ किंवा आयएससीयूचं नॉकडाऊन पाहिजे.

आयआरपी१ (आयर्न रेग्युलेटरी प्रोटीन १) ची गंमत इथेच कळते. क्लस्टर असला की तो सायटोसोलचा अकोनिटेज, क्लस्टर गेला की तोच आरएनएला चिकटतो, फेरिटिन बनणं थांबवतो अन् ट्रान्सफेरिन रिसेप्टरचा मेसेज टिकवतो. त्याच्या बँडमध्ये बऱ्याचदा फारसा फरक दिसत नाही. त्याने काय काम केलं ते फेरिटिनच्या बँडमध्ये दिसतं.

पायरी आठवी: पॅटर्न वाचणं

आता सगळे ब्लॉट एकत्र टेबलावर मांडा. एकेक बँड वाचू नका, कोण कोण सोबत पडलं ते बघा.

एसडीएचबी, लिपोइक, फेरोकेलाटेज पडलेत, अकोनिटेजची ॲक्टिव्हिटी पडली अन् पीओएलडी१ सुद्धा पडलं, म्हणजे बिघाड अगदी सुरुवातीला, एनएफएस१-आयएससीयू-फ्रॅटॅक्सिनच्या भागात असण्याची शक्यता जास्त. फक्त पीओएलडी१, डीपीवायडी पडलेत अन् मायटोकॉन्ड्रियाची सगळी मंडळी जागेवर, तर सीआयएकडे बघा. लिपोइक जोरात पडलं, एसडीएचबी पडलं, पण अकोनिटेज ठीक, तर एनएफयू१ किंवा बीओएलए३ चा संशय घ्या. मायटोकॉन्ड्रियातली ४-४ वाली सगळीच, अकोनिटेजसकट पडली पण २-२ वाली बरी, तर आयएससीए किंवा आयबीए५७. हे पक्के निकाल नाहीत, पुढचा प्रयोग कोणता करायचा ते सांगणाऱ्या दिशा आहेत.

अजून एक फसवी जागा. आयएसडी११ नसला की एनएफएस१ टिकत नाही. म्हणून एनएफएस१ चा बँड घटला म्हणजे एनएफएस१ च्या जीनमध्येच बिघाड असं लिहू नका, आयएसडी११ चा ब्लॉट किंवा दोघांचेही आरटी-पीसीआर (जीनचा मेसेज मोजणारी टेस्ट) बघा. मेसेज नॉर्मल अन् प्रोटीन कमी, तर प्रोटीन तुटून चाललंय.

ॲक्टिव्हिटीसाठी मोठ्या मशीनची गरज नाही. साध्या यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर आयसोसायट्रेट टाकून २४० नॅनोमीटरला सिस-अकोनिटेट तयार होताना बघता येतं, फक्त क्युव्हेट क्वार्ट्झची लागते, प्लास्टिकची २४० ला चालत नाही. लायसेटमध्ये दोन्ही अकोनिटेज असतात, म्हणून वेगळं करायचं तर आधी मायटोकॉन्ड्रिया काढा: २५० मिलिमोलर सुक्रोजच्या बफरमध्ये हळुवार होमोजेनाइज करा, ८०० जी ला न्यूक्लियस खाली बसवा, वरचं १०,००० जी ला फिरवा. फ्रॅक्शन शुद्ध आहे का ते जीएपीडीएच अन् एचएसपी६० च्या ब्लॉटने दाखवा, नाही तर कोणी मानणार नाही. मग आकडा एसीओ२ च्या बँडने भागा. प्रोटीन तेवढंच अन् काम अर्धं, तर क्लस्टरकडे बोट जातं. सॅम्पलच्या एका भागात फेरस अमोनियम सल्फेट अन् डीटीटी घालून थोडा वेळ ठेवा, काम परत आलं तर क्लस्टर फक्त ऑक्सिडाइज होऊन एक लोखंड हरवलं होतं, परत नाही आलं तर क्लस्टर पूर्णच गेलेला असू शकतो.

एसडीएचची ॲक्टिव्हिटी डीसीपीआयपी डाय वापरून ६०० ला, मॅलोनेट टाकून थांबते का ते बघायचं. ही अजून सोपी.

पायरी नववी: को-आयपी करायचंच असेल तर

एनएफएस१, आयएसडी११, एसीपी, आयएससीयू अन् फ्रॅटॅक्सिन एकत्र बसतात, त्यामुळे अँटीबॉडीने एकाला ओढून बाकीचे येतात का बघायचा (यालाच को-आयपी, को-इम्युनोप्रिसिपिटेशन म्हणतात) मोह होतो. करा, पण तयारीने. फ्रॅटॅक्सिनची पकड सैल असते, जोराने धुतलं की सुटतं. मायटोकॉन्ड्रियल फ्रॅक्शनपासून सुरू करा, १ टक्का डिजिटोनिन, ईडीटीए नाही, सगळं चार डिग्रीला. ज्या प्राण्याची अँटीबॉडी त्याच प्राण्याची साधी आयजीजी तितक्याच मायक्रोग्रॅममध्ये कंट्रोल म्हणून. अँटीबॉडीची हेवी चेन ५० ला अन् लाइट चेन २५ ला येते, म्हणजे एनएफएस१ हेवी चेनखाली झाकला जातो अन् एचएससीबी लाइट चेनच्या बाजूला. उपाय दोन: अँटीबॉडी बीड्सला क्रॉसलिंक करा, किंवा ओढायला सशाची अन् ब्लॉटला उंदराची घ्या. शक्य असेल तर उलट दिशेनेही करा, आयएससीयूने ओढून एनएफएस१ बघा. एकाच दिशेचा को-आयपी रिव्ह्यूअर मान्य करत नाहीत.

इम्युनोफ्लोरेसन्सचं (चमकणाऱ्या अँटीबॉडीने पेशीतच प्रोटीन बघणं) थोडक्यात: ४ टक्के पीएफएने (पॅराफॉर्मल्डिहाइड) पेशी फिक्स करा, मग ट्रायटन नीट लावा, कारण ही प्रोटीनं मॅट्रिक्समध्ये असतात अन् आतला पडदा उघडला नाही तर अँटीबॉडी पोचत नाही. ब्लॉटमध्ये चांगली चालणारी अँटीबॉडी इथे चालेलच असं नाही, नॉकडाऊन पेशींवर वेगळी तपासा.

अन् शेवटी वहीतलं: कॅटलॉग नंबर, लॉट नंबर, आरआरआयडी (अँटीबॉडीचा ठरलेला ओळख क्रमांक), क्लोन, डायल्युशन, पोचल्याची तारीख. पॉलिक्लोनल असेल तर लॉट नंबर सगळ्यात महत्त्वाचा, पुढचा लॉट दुसऱ्या सशाचा असू शकतो. जुना लॉट संपत आला की नवा मागवा अन् दोन्ही एकाच मेम्ब्रेनच्या दोन पट्ट्यांवर, एकाच सॅम्पलवर लावा. बँड जुळला तरच नव्या लॉटने पुढचे पेशंट सॅम्पल चालवा, नाही जुळला तर जुन्या लॉटमध्ये उरलेले मायक्रोलिटर अपुऱ्या राहिलेल्या सॅम्पलांसाठी बाजूला काढून ठेवा अन् कंपनीला दोन्ही पट्ट्यांचे फोटो पाठवा.